झडती आणि अटकेचं वॉरंट: न्यायालयाची देखरेख प्रत्यक्षात कशी चालते आणि ती कशी मागायची

वॉरंटवर सही न्यायाधीशाची असते, पोलीस ते बजावतात. बजावून झालं की काय केलं, काय सापडलं, कोणाला धरलं, हे न्यायालयाला लेखी कळवावं लागतं. वॉरंट नसलं तरी ही साखळी सुटत नाही. तेव्हा आधी कारवाई होते आणि न्यायालयाची तपासणी मागाहून येते. पण दंडाधिकारी तुमच्या दारात उभे नसतात, त्यांच्यासमोर फक्त कागद येतो. कोणता कागद तयार व्हायला हवा, तो किती तासांत कुठे पोचायला हवा आणि पोचला नाही तर कोणत्या टेबलावर विचारायचं, हे ज्याला ठाऊक असतं त्यालाच या देखरेखीचा उपयोग होतो. कोणी विचारलंच नाही, तर गंभीर चूकसुद्धा फायलीत निमूट पडून राहते.

हा लेख नुकतीच सनद मिळालेल्या वकिलांसाठी, विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकांसाठी आणि ज्यांच्या घरावर हा प्रसंग आला आहे त्यांच्यासाठी आहे. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली. खालची कलमं या नव्या संहितेतली आहेत. न्यायालयाच्या आवारात अजून ‘एक्केचाळीस अ’, ‘एकशे पासष्ट’, ‘एकशे सदुसष्ट’ हेच आकडे कानावर पडतात. नव्या संहितेत ती कलमं अनुक्रमे ३५, १८५ आणि १८७ झाली आहेत.

पहिली पायरी: हातात आलेला कागद ओळखा

घाबरलेल्या माणसाला प्रत्येक सरकारी कागद ‘वॉरंट’ वाटतो. आधी सही कोणाची आहे ते बघा.

सही तपास अधिकाऱ्याची असेल आणि अमुक दिवशी पोलीस ठाण्यात हजर राहा असं लिहिलं असेल, तर ती कलम ३५(३) ची नोटीस आहे. तिच्यानुसार हजर राहणाऱ्याला, कारणं लिहून ठेवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. म्हणून ही नोटीस टाळू नका. जा, आणि हजर राहिल्याची पोच घ्या. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही मोबाइलवर आलीच, तर दुर्लक्ष करू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि रीतसर नोटीस मागा.

सही न्यायाधीशाची आणि खाली न्यायालयाचा शिक्का असेल, तर ते समन्स आहे की वॉरंट ते वाचा. समन्स म्हणजे स्वतः हजर व्हा. वॉरंट म्हणजे पोलिसांनी धरून हजर करा. वॉरंटमध्येही दोन प्रकार आहेत. त्यावर जातमुचलक्याची रक्कम, जामीनदारांची संख्या आणि हजर राहायची तारीख लिहिलेली असेल, तर ते कलम ७३ प्रमाणे जामीनपात्र वॉरंट. तेवढा जामीन दिला की बजावणाऱ्या अधिकाऱ्याने तुम्हाला तिथेच सोडलं पाहिजे. त्यासाठी न्यायालयापर्यंत नेण्याची गरज नाही. अशी नोंद नसेल तर ते अजामीनपात्र.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. व्हिडिओ कॉलवर दाखवलेलं, मेसेजमधून आलेलं आणि सोबत पैसे भरायला सांगणारं ‘वॉरंट’ ही फसवणूक असते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

दुसरी पायरी: अटक वॉरंट वरून खाली वाचा

कलम ७७ नुसार बजावणाऱ्याने वॉरंटचा मजकूर सांगायला हवा आणि मागितलं तर वॉरंट दाखवायला हवं. तेव्हा मागाच, आणि या क्रमाने वाचा:

१. न्यायालयाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक. हे नसेल तर पुढे काहीच तपासता येत नाही.
२. संपूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, पत्ता. सगळ्यात जास्त घोळ इथे होतात.
३. कलम आणि कायदा.
४. कोणाला उद्देशून काढलं आहे. एका अधिकाऱ्याच्या नावाचं वॉरंट दुसरा अधिकारी बजावू शकतो, पण पहिल्याने त्यावर त्याचं नाव लिहून सही केलेली असावी (कलम ७६).
५. काढल्याची तारीख, पीठासीन अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाचा शिक्का. कलम ७२ प्रमाणे सही आणि शिक्का दोन्ही अनिवार्य आहेत.

नामसाधर्म्याचा घोळ असा होतो: वॉरंटवर नाव आणि आडनाव आहे, मधलं नाव नाही, पत्ता म्हणून नुसतं गावाचं नाव आहे. गावात त्या नावाची तीन माणसं निघतात आणि जो आधी सापडतो तो उचलला जातो. अशा वेळी तोंडी वाद घालत बसू नका. ओळखपत्रावरचं संपूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता वॉरंटच्या शेजारी ठेवून दाखवा. आपण ती व्यक्ती नाही, हे म्हणणं स्टेशन डायरीत नोंदवायला सांगा. तरी नेलंच, तर न्यायालयासमोर उभं राहताच पहिलं वाक्य तेच असलं पाहिजे.

‘वॉरंट तीन वर्षांचं जुनं आहे, आता त्याला काय अर्थ’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो समज चुकीचा आहे. वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा ज्या न्यायालयाने काढलं त्याने रद्द करेपर्यंत जिवंत असतं. ते भारतात कुठेही बजावता येतं. मात्र दुसऱ्या न्यायालयाच्या हद्दीत येऊन बजावायचं असेल, तर पोलिसांनी साधारणपणे तिथल्या दंडाधिकाऱ्यांची किंवा ठाणेप्रमुखाच्या दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याची नोंद वॉरंटवर घ्यायची असते (कलम ८१). पकडलेल्या माणसाला, मूळ न्यायालय ३० किलोमीटरच्या आत किंवा अधिक जवळ नसेल तर, स्थानिक कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर किंवा तिथल्या पोलीस अधीक्षकांसमोर वा आयुक्तांसमोर उभं करायचं असतं (कलम ८२). लांबच्या राज्यातले पोलीस रात्री गाडीत बसवून परस्पर घेऊन निघाले, तर पहिला प्रश्न हाच: स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा किंवा अधीक्षकांचा आदेश कुठे आहे?

अजामीनपात्र वॉरंट निघालं असेल तर

इथे नवखे वकील थेट जामिनाच्या मागे धावतात. आधी वॉरंट निघालं कसं ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदरमोहन गोस्वामी प्रकरणात क्रम घालून दिला आहे: आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि माणूस जाणूनबुजून टाळतोय याची न्यायालयाची खात्री झाली तरच अजामीनपात्र. समन्सऐवजी वॉरंट काढताना कारणं लेखी नोंदवावी लागतात, असं कलम ९० सुद्धा सांगतं.

हे तपासायची जागा म्हणजे रोजनामा, म्हणजे खटल्यात प्रत्येक तारखेला काय झालं याची न्यायालयाची नोंद. खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून तारखा पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. न्यायालयात जाऊन फाइलमधला समन्सचा परतीचा अहवाल उघडा. त्या एका पानावर सगळं कळतं. ‘पत्त्यावर राहत नाही’, ‘घर बंद’, ‘अपुरा पत्ता’ असे शेरे असतील तर समन्स मिळालंच नव्हतं, मग टाळण्याचा प्रश्न कुठून आला? धनादेश न वटल्याच्या खटल्यांत असं सर्रास होतं. बँकेकडे जुना पत्ता असतो, समन्स तिथे जातं, परत येतं, आणि दोन-तीन तारखांनंतर वॉरंट निघतं.

रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करायचा. अर्जात गैरहजेरीचं कारण तारखेनिशी लिहा आणि पुरावा जोडा: रुग्णालयाचं कार्ड, प्रवासाचं तिकीट, पत्ता बदलल्याचा भाडेकरार. आरोपी स्वतः हजर असेल तर अर्जाला वजन येतं. वकील एकटाच गेला तर न्यायालय बहुधा ‘आरोपीला आणा’ म्हणतं. पुढच्या तारखांना पूर्वपरवानगीने गैरहजर राहायचं असेल तर कलम ३५५ खाली हजेरी-माफीचा अर्ज त्या दिवशी सकाळीच द्या. दुपारी पुकारा होऊन गेल्यावर दिलेला अर्ज उपयोगी पडत नाही.

रद्द झालं की काम संपलं असं समजू नका. आदेशाची प्रमाणित नक्कल घ्या, ती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, आणि एक प्रत कायम जवळ ठेवा. न्यायालयाने रद्द केलेलं वॉरंट ठाण्यात तसंच पडून राहतं आणि कोणीतरी ते बजावतं. मुंबईतल्या अशाच एका प्रकरणात वॉरंट रद्द झाल्यानंतरही एका माणसाला स्वातंत्र्यदिनी, सुट्टीच्या दिवशी, धरण्यात आलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ च्या त्या निकालात न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या: वॉरंटची नोंदवही ठेवा, सहीखाली न्यायाधीशाचं संपूर्ण नाव असू द्या, परत करायची तारीख लिहा. सूचना चांगल्या आहेत. तुमच्या हातातल्या वॉरंटवर यातलं काय नाही, ते अर्जात नक्की लिहा.

वॉरंट तसंच टाळत राहिलात, तर पुढची पायरी उद्घोषणेची. कलम ८४ खाली हजर होण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत देऊन ती गावात वाचून दाखवतात आणि घरावर व न्यायालयात चिकटवतात. त्यानंतर कलम ८५ खाली मालमत्तेवर टाच येऊ शकते. तिथपर्यंत जाऊ देऊ नका.

झडती: वॉरंटने आणि वॉरंटशिवाय

न्यायालय झडती वॉरंट मुख्यतः दोन कलमांखाली देतं. कलम ९६ खाली, जेव्हा न्यायालयाला वाटतं की नुसतं कागद हजर करण्याचं फर्मान काढलं तर समोरचा ते मानणार नाही, किंवा वस्तू कोणाकडे आहे हेच माहीत नाही, किंवा सर्वसाधारण झडतीने चौकशीला मदत होईल. आणि कलम ९७ खाली, जेव्हा एखाद्या जागी चोरीचा माल किंवा बनावट दस्तऐवज असल्याची माहिती मिळते. ९७ चं वॉरंट जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देऊ शकतात आणि ते शिपायापेक्षा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच देता येतं.

वॉरंटमध्ये न्यायालय जागेची मर्यादा घालू शकतं: ‘तळमजल्यावरचं गोदाम’ किंवा ‘कार्यालयातली लेखा शाखा’. मर्यादा घातली असेल तर झडती तेवढ्याच भागाची, हे कलम ९६(२) मध्ये स्पष्ट आहे. वॉरंट हातात आलं की जागेचं वर्णन बोट ठेवून वाचा.

एखाद्याला बेकायदा डांबून ठेवलं असेल, तर कलम १०० खाली त्या व्यक्तीच्या शोधासाठी वॉरंट मागता येतं. सासरी कोंडलेली सून, वीटभट्टीवर अडकवलेलं मजुराचं कुटुंब यांच्यासाठी हा जलद मार्ग आहे. स्वयंसेवकांनी हे कलम तोंडपाठ ठेवावं. पुरेसे लोक ते वापरत नाहीत.

आता व्यवहारातली गोष्ट. पोलीस तपासात बहुतेक झडत्या वॉरंटशिवाय, कलम १८५ खाली होतात. तपास अधिकाऱ्याला वाटलं की वस्तू अमुक जागी आहे आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल, तर तो स्वतः झडती घेऊ शकतो. म्हणजे इथे न्यायालयाची नजर पडते ती झडतीनंतर. त्यासाठी कायद्याने चार खुंट्या ठोकल्या आहेत आणि प्रत्येक खुंटी हलवून बघायची असते:

झडतीआधी कारणं केस डायरीत (तपासाच्या रोजच्या नोंदवहीत) लिहिलेली हवीत, आणि शक्य तितकं, काय शोधायचं तेही. अधिकाऱ्याने शक्यतो स्वतः जायचं. हाताखालच्याला पाठवलं तर त्याची कारणं लिहून, जागा आणि वस्तू नमूद करून लेखी हुकूम द्यायचा. झडतीचं दृकश्राव्य चित्रण व्हायला हवं. आणि त्या नोंदींच्या प्रती लगेच, जास्तीत जास्त ४८ तासांत, गुन्ह्याची दखल घेण्याचा अधिकार असलेल्या जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे पोचायला हव्यात. हा ४८ तासांचा आकडा नव्या संहितेने घातला. जुन्या कायद्यात नुसतं ‘ताबडतोब’ होतं आणि त्या शब्दात आठवडे निघून जात.

जागेच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला या प्रती दंडाधिकाऱ्यांकडून मोफत मिळतात, पण अर्ज केल्यावर. म्हणून ४८ तास उलटताच एक साधा अर्ज न्यायालयात द्या: ‘अमुक तारखेला, अमुक वेळी माझ्या राहत्या घराची झडती झाली. कलम १८५(५) प्रमाणे पाठवलेल्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात. प्रती आल्या नसल्यास तसा शेरा मारून मिळावा.’ शेवटचं वाक्य विसरू नका. प्रती आलेल्याच नसतील, तर तो शेरा पुढे उलटतपासणीत मोलाचा ठरतो.

पंचनामा चालू असताना

झडती म्हटलं की कलम १०३ आलं. परिसरातले किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत. तिथले कोणी तयार नसतील तरच बाहेरचे. महिलेच्या अंगाची झडती महिलेनेच, शालीनता राखून घ्यायची. जागेवर राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचं. सापडलेल्या वस्तूंची यादी तिथेच करून तिच्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि एक प्रत राहणाऱ्याला द्यायची.

पंचनामा हा सगळ्या प्रकरणाचा कणा असतो, म्हणून तो होत असताना तिथे उभं राहून बघणं हेच मोठं काम. आडवे येऊ नका, आवाज चढवू नका. त्याने सरकारी कामात अडथळ्याचा नवा गुन्हा तेवढा मागे लागेल. एक वही घ्या आणि लिहीत जा: पोलीस किती वाजता आले, किती जण, पाटीवरची नावं, गाडीचा क्रमांक, पंच कुठून आले, कोणत्या खोलीत कोण गेलं. झडती सुरू करण्यापूर्वी पोलीस आणि पंच यांनी स्वतःचे खिसे आणि पिशव्या दाखवाव्यात, अशी विनंती करा. ‘आपली अंगझडती दिली’ अशी ओळ चांगल्या पंचनाम्यात असते.

यादीतला तपशील नेमका हवा. ‘एक काळा मोबाइल’ एवढ्यावर सही करू नका. कंपनी, मॉडेल, आयएमईआय क्रमांक, सिमचा क्रमांक, काचेला तडा असेल तर तो, फोन चालू की बंद, हे सगळं लिहायला सांगा. पैसे असतील तर किती रुपयांच्या किती नोटा. दागिने असतील तर वजन, आणि वजन केलं नसेल तर तसं. वस्तू पाकिटात घालून, लाख किंवा सीलची पट्टी लावून, त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल लागायला हवं. संगणक किंवा फोनच्या बाबतीत हॅश मूल्य (आतल्या माहितीवरून काढलेला, माहिती बदलली की बदलणारा आकडा) लिहिलं आहे का पाहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्यात हे मूल्य द्यायचं असतं. जप्तीनंतर फोन उघडून पाहिला गेला का, हे पुढे त्याच आकड्यावरून ताडता येतं.

पंचनाम्याची सुरुवातीची आणि संपल्याची वेळ स्वतः वाचा. तीन खोल्यांच्या घराची झडती, दीडशे वस्तूंची यादी आणि पाच पानं हस्ताक्षरात, हे सगळं पंचवीस मिनिटांत झालं असं लिहिलं असेल, तर पंचनामा आधीच लिहून आणला होता की काय, हा प्रश्न उभा राहतो. कोऱ्या कागदावर किंवा मधे मोकळी जागा सोडलेल्या पानावर सही करू नका. मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारायला सांगा.

आणि चित्रण. कलम १०५ प्रमाणे झडतीची आणि जप्तीची सगळी प्रक्रिया, यादी करून पंचांच्या सह्या होईपर्यंत, चित्रित व्हायला हवी. त्यासाठी मोबाइल फोन चालतो. ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. बऱ्याच ठिकाणी पोलीस यासाठी ई-साक्ष्य हे ॲप वापरतात. नेहमीचा दोष असा की चित्रण तुकड्यातुकड्यांत होतं: आत शिरतानाचं आहे, मग थेट वस्तू टेबलावर मांडलेल्या. वस्तू कपाटातून निघाली तो क्षण कुठेच नाही. म्हणून वहीत कॅमेरा चालू आणि बंद झाल्याच्या वेळा जरूर टिपा.

अटक: चोवीस तास नक्की कधी सुरू होतात

संविधानाचं अनुच्छेद २२ दोन गोष्टी देतं: अटकेची कारणं सांगणं आणि वकिलाशी सल्लामसलत, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं. संहितेतली कलमं ४७ आणि ५८ त्याचाच विस्तार आहेत.

‘अटक दाखवली’ हा शब्दप्रयोग पोलीस ठाण्यात रोजचा. माणूस सकाळी अकराला आणला, ‘चौकशीसाठी बसवला’, आणि अटक दाखवली रात्री अकराला. अटक म्हणजे माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तो क्षण, पंचनाम्यातली वेळ नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलं आहे. पण ते सिद्ध करायला पुरावा लागतो. घरच्यांनी केलेले फोन, ठाण्याबाहेर काढलेला वेळेसह फोटो, टोल नाक्याची पावती, आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही. डिसेंबर २०२० च्या निकालाने सर्व ठाण्यांत कॅमेरे बंधनकारक झाले. फुटेज जपून ठेवण्याचा आदेश मिळावा, असा अर्ज पहिल्याच रिमांडच्या (कोठडी मागण्यासाठी न्यायालयात हजर करण्याच्या) वेळी द्या. महिनाभराने दिला तर ‘तांत्रिक बिघाड’ असं उत्तर येऊ शकतं.

कलम ३६ प्रमाणे अटकेचा मेमो तिथेच तयार व्हायला हवा. त्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही हवी. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला द्यायची, आणि ती दिली का याची दंडाधिकाऱ्यांनी स्वतः खात्री करायची (कलम ४८). १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलेली ही पद्धत आता कायद्यात आहे. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

अटकेच्या कारणांबाबत अलीकडे मोठा बदल झाला. मनी लाँडरिंगच्या प्रकरणांत २०२३ मध्ये आणि यूएपीएच्या (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या) प्रकरणांत २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारणं लेखी द्यायला सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या अपिलांत न्यायालयाने ते सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं: कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत. तिथल्या तिथे लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी. कारणं म्हणजे नुसती कलमांची यादी नव्हे. ‘कलम ३१८ खाली अटक’ हे पुरेसं नाही. तुम्ही काय केलं असा आरोप आहे, ते त्यात असलं पाहिजे.

रिमांडच्या टेबलावर

पहिला रिमांड बऱ्याचदा दोन-चार मिनिटांत उरकतो. नवख्या वकिलाला त्या मिनिटांत काय बोलायचं ते आधी ठरवावं लागतं. कोर्टाबाहेर पोलिसांच्या गाडीजवळच आरोपीशी बोला: कधी धरलं, मारहाण झाली का, औषधं कोणती चालू आहेत, घरी कोणाला कळवलं. मग रिमांड अर्जाची प्रत मागा आणि चार गोष्टी बघा: अटकेची वेळ, लेखी कारणं दिल्याची पोच, वैद्यकीय तपासणीचा कागद, आणि कोठडी नक्की कशासाठी हवी ते.

न्यायालयासमोर क्रम असा ठेवा. आधी मारहाणीची तक्रार, असेल तर. ती आरोपीने स्वतः सांगावी आणि दंडाधिकाऱ्यांनी नोंदवावी. मग २४ तास आणि लेखी कारणं. मग अटकेची गरजच होती का: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात कलम ३५ ची कारणं लिहिली आहेत का, आणि लिहिली असतील तर छापील तक्त्यावर नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत की या माणसाबद्दल काही ठोस आहे. अर्नेशकुमार निकालाने (२०१४) ही तपासणी दंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे, यांत्रिकपणे कोठडी देऊ नका असं बजावलं आहे. सगळ्यात शेवटी कोठडीचे दिवस. ‘तपास बाकी आहे’ हे कारण होत नाही. काय जप्त करायचंय, कुठे न्यायचंय, कोणासमोर बसवायचंय, हे अर्जात हवं. केस डायरी दंडाधिकाऱ्यांनी पाहावी, अशी विनंती करा. कलम १८७ प्रमाणे तिच्या नोंदींची प्रत आरोपीसोबत पाठवायचीच असते.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची. जुन्या कायद्यात ती पहिल्या पंधरवड्यातच मिळे. आता ती, गुन्ह्यानुसार, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येते. त्यामुळे न्यायालयीन कोठडी झाली म्हणजे पोलीस कोठडीचा धोका संपला, हा जुना हिशेब चुकतो. आतापर्यंत किती दिवस वापरले याचा तक्ता स्वतःजवळ ठेवा. पोलीस कोठडीसाठी आरोपीला प्रत्येक वेळी प्रत्यक्ष उभं करावं लागतं, व्हिडिओवर चालत नाही. आरोपपत्र ६० दिवसांत, किंवा मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज आरोपपत्र दाखल होण्याआधी गेला पाहिजे. एकसष्टाव्या किंवा एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी अर्ज तयार हवा.

वकील परवडत नसेल तर पहिल्या हजेरीपासून मोफत वकील मिळतो, आणि तसं विचारणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८०-८१ मध्येच सांगितलं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.

चूक झालीच असेल तर

एक कटू वस्तुस्थिती आधी स्वीकारा. झडती बेकायदा होती एवढ्यावरून त्यात सापडलेला पुरावा भारतात आपोआप बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हे ठरवलं आणि न्यायालयं अजून त्याच वाटेने जातात. पुराव्याचं वजन मात्र कमी करता येतं, आणि त्यासाठी त्रुटी त्या त्या वेळी लेखी मांडलेली असावी लागते. दोन वर्षांनी उलटतपासणीत पहिल्यांदाच काढलेला मुद्दा बनावट वाटतो.

जप्त केलेली वस्तू परत हवी असेल, तर खटल्याआधी कलम ५०३ आणि खटला चालू असताना ४९७ खाली अर्ज करा. धंद्याचा संगणक, शिक्षणाची कागदपत्रं, घरखर्चाची रोकड यांसाठी न्यायालयं बहुधा बंधपत्रावर ताबा देतात. मालकीची पावती जोडा. माणूसच कुठे आहे हे कळत नसेल, तर आधी ठाण्यातल्या आणि जिल्हा नियंत्रण कक्षातल्या नियुक्त अधिकाऱ्याकडे विचारा. कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची माहिती त्याच्याकडे असायलाच हवी. तिथून टोलवाटोलवी झाली तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयासमोर आणा अशी याचिका. मात्र एकदा दंडाधिकाऱ्यांनी रिमांडचा आदेश दिला की ही याचिका सहसा टिकत नाही, मग त्या आदेशालाच आव्हान द्यावं लागतं.

अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, प्राप्तिकर यांचे झडतीचे नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडतीआधी, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती मागण्याचा हक्क आहे हे सांगावं लागतं. त्या प्रकरणांत आधी तो कायदा उघडा, मग ही संहिता. अनुच्छेद २२ चे २४ तास मात्र त्या फौजदारी अटकांनाही चुकत नाहीत. प्रतिबंधक स्थानबद्धता तेवढी वेगळी, तिथे अनुच्छेद २२ मधलीच दुसरी, सल्लागार मंडळाची वाट आहे.

फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता चिकटवून ठेवा: माणूस धरला ती वेळ, लेखी कारणं मिळाली ती वेळ, दंडाधिकाऱ्यांसमोर उभा केला ती वेळ, झडतीच्या नोंदी न्यायालयात आल्या ती तारीख, पोलीस कोठडीचे वापरलेले दिवस, साठावा आणि नव्वदावा दिवस. रकाना रिकामा असेल तर तो पेन्सिलीने गोल करा, आणि पुढच्या तारखेला पहिला अर्ज त्याच रकान्याबद्दल द्या.